मातीचं पान की पिळाची दोरी? कब पॅकसाठी हस्तकला निवडताना

सुरुवातीचा ग्रँड हाऊल, म्हणजे सगळ्या कबांनी मिळून दिलेली आरोळी, एक धावपळीचा खेळ, शेवटच्या सूचना, हे सगळं वजा केलं की कब पॅकच्या, म्हणजे स्काउटिंगमधल्या लहान मुलांच्या गटाच्या, तासाभराच्या बैठकीत हस्तकलेसाठी जेमतेम पस्तीस मिनिटं उरतात. मी माझ्या पॅकमध्ये हवेत वाळणाऱ्या मातीवर पानांचे ठसे घेऊन पाहिलेत आणि लोकरीच्या पिळाच्या दोऱ्याही करून पाहिल्यात. दोन्ही प्रकार मुलांना मनापासून आवडतात. तरी नव्या लीडरने विचारलं, तर मी दोघांना सारखे गुण देणार नाही.

आधी मातीबद्दल, कारण तिचं कौतुक करावंच लागेल. जाड शिरांचं पान घ्यायचं, पालथं ठेवायचं, वरून लाटायचं आणि देठाला धरून अलगद उचलायचं. शिरांची सगळी जाळी मातीत उमटलेली दिसते आणि सहा वर्षांचं मूल दोन क्षण गप्प होतं. पानाचं नाव, त्याची कड, शिरांची रचना यांवर तेव्हा जे बोलणं होतं, ते चित्र दाखवून होत नाही. बोटांना जोर लागत नाही, त्यामुळे सगळ्यात लहान कबही मागे पडत नाही. जाडी पाच-सहा मिलिमीटर ठेवा. त्याहून पातळ लाटलं की वाळताना कडा वर वळतात.

माझी अडचण सुरू होते ती इथून पुढे. ही माती वाळायला एक ते तीन दिवस लागतात आणि बैठक पस्तीस मिनिटांत संपते. चोवीस ओल्या चकत्या ठेवायच्या कुठे? आमची जागा आठवड्यातून एकदा मिळते, बाकीचे दिवस तिथे दुसरेच लोक असतात. एकदा कपाटावर ठेवल्या, तर कागदाला चिकटून बसल्या आणि मागे कोरलेली नावं पुसट झाली. पुढच्या वेळी मुलांबरोबर ओल्याच घरी पाठवल्या. एका मुलीने तिची चकती रुमालात गुंडाळून नेली आणि आठवड्याने त्याच रुमालात तीन तुकडे परत आणले. ते जमिनीवर नीट जुळवून ठेवत तिने विचारलं, "हे पुन्हा ओलं करून जोडता येईल ना?" वाळलेली माती तशी धड जोडली जात नाही, हे तिला सांगावं लागलं. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

पिळाच्या दोरीत वाळण्याची भानगडच नाही. दोन मुलं समोरासमोर उभी करायची, मध्ये तीनेक मीटर लोकर ताणून धरायची आणि दोघांनी टोकं पिळायची. दोघांनाही "आपापल्या उजवीकडे" एवढंच सांगा. एकाने उलटं फिरवलं, तर पीळ बसतच नाही, धागा नुसता फिरत राहतो. आणि ही चूक मुलं स्वतः शोधून काढतात. किंचित सैल सोडल्यावर लोकर जागोजागी वेटोळी घालू लागली की पीळ पुरेसा झाला. मग तिसऱ्याने मधोमध धरायचं, दोन्ही टोकं एकत्र आणायची आणि मधला हात सोडायचा. लोकर स्वतःच स्वतःभोवती गुंडाळत जाते. तेव्हा होणारा गलका ऐकण्यासारखा असतो. दोरी मूळ लांबीच्या निम्म्याहून थोडी कमी भरते. सहा जणांच्या षटकात तिघांच्या दोन टोळ्या बरोबर बसतात.

त्रास यातही आहे. एखाद्याने टोक मध्येच सोडलं की गुंता होतो आणि शेवटची गाठ लहानग्यांना बांधून द्यावी लागते. पहिल्या दिवशी एक जास्तीचा मोठा माणूस हाताशी असलेला बरा. पण अर्धवट राहिलेली लोकर खिशात जाते, मोडत नाही. शिवाय त्याच दोरीवर पुढच्या आठवड्यात रीफ नॉट, म्हणजे दोन टोकं जोडायची सपाट गाठ, शिकवता येते. मोठ्या मुलांना जाड, घट्ट दोरी द्या. चार मिलिमीटरची साधारण मीटरभर दोरी दोन बोटांभोवती विणून वॉगल, म्हणजे गळ्यातला स्कार्फ अडकवायची कडी, तयार होते. 1920च्या दशकात इंग्लंडमधल्या गिलवेल पार्क या स्काउट प्रशिक्षण केंद्रात अशाच गाठीतून वॉगल आलं, हे सांगितलं की ती आणखी मन लावून विणतात.

मातीत उमटलेल्या पावलांवर प्लास्टर ओतून ठसे घेणं हा तिसरा पर्याय. अर्ध्या तासात ते घट्ट होतं, पण घट्ट होताना तापतं, त्यामुळे त्यात मुलांचे हात बुडू देऊ नका. ते मी फक्त बाहेर, ओल्या मातीवरच करतो.

तुमच्याकडे कुलूप लागणारी स्वतःची खोली असेल किंवा दोन-तीन दिवसांचं शिबिर असेल, तर माती जरूर घ्या. तिथे ती कदाचित दोरीपेक्षाही सरस ठरेल. आठवड्याच्या बैठकीसाठी मात्र मी दोरीच सुचवेन. लोकरीचे तुकडे आदल्या दिवशी कापून ठेवा आणि प्रत्येक टोळीला दोन रंगांचे तुकडे मध्यावर गाठ मारून द्या. तिसऱ्याने ती गाठच धरायची. दुमडल्यावर दोन रंग एकमेकांत वळत जातात आणि पीळ कुठे सैल राहिला, ते मुलांना लगेच दिसतं.