दोन मिनिटांच्या थांब्यावर घेतलेली लेन्स

कुडाळ स्टेशनवर ती गाडी दोन मिनिटं थांबते. तेवढ्या वेळात मी ५३ हजार रुपये दिले आणि बुरशी लागलेली लेन्स घेऊन घरी आले. ही गोष्ट इतके दिवस घरच्यांपुरतीच ठेवली होती. पण गेल्या आठवड्यात तीच जाहिरात, तेच फोटो, फक्त नाव आणि नंबर वेगळा, असं पुन्हा समोर आलं आणि मला राहवलं नाही. कोकणात राहून जुना कॅमेरा किंवा लेन्स घ्यायचा कुणाचा विचार असेल, तर आधी हे वाचा.

मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि गेली सहा वर्षं दशावताराचे, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचे, फोटो काढते. कार्तिक-मार्गशीर्षात आमच्याकडे गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पालखी फिरून झाली की मध्यरात्री कधीतरी नाटक उभं राहतं, ते उजाडेपर्यंत चालतं. पायपेटी, पखवाज, झांज, मागे एक पडदा आणि बसायला लाकडी बाक, एवढ्यावर ही माणसं रात्रभर राजे, ऋषी, राक्षस उभे करतात. लिहिलेली संहिता नसते, संवाद तिथेच सुचतात. यातले कितीतरी कलाकार आता वयाने थकले आहेत. त्यांचे चेहरे नीट टिपून ठेवावेत असं मला फार वाटतं.

अडचण उजेडाची. रंगमंचावर दोन-चार दिवे, बाकी काळोख. फ्लॅश मी वापरत नाही. कलाकाराच्या डोळ्यांवर तो चमकला की त्याचा संवाद तुटतो आणि रंगलेल्या चेहऱ्याची सगळी खोली सपाट होते. माझ्याकडे निकॉन डी७२०० कॅमेरा आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स. एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं उघडतं आणि उजेड जास्त येतो. उजेड भरपूर घेते, पण चेहरा फ्रेमभर हवा तर अगदी रंगमंचाला टेकून बसावं लागतं. पुढे बायका-मुलं मांडी घालून बसलेली असतात, त्यांच्यासमोर उभं राहणं मला जमत नाही. म्हणून लांबून घेता येईल आणि तरीही एफ २.८ वर उघडेल अशी लेन्स हवी होती. ७०-२०० एमएम एफ २.८ झूम. नवी घ्यायची तर लाखाच्या वर. दोन वर्षं पगारातून बाजूला टाकून ६० हजार जमवले होते.

जाहिरात दिसली ती निकॉनच्या ७०-२०० एफ २.८ व्हीआर टू या लेन्सची. २००९ साली आलेली, एक किलो ५४० ग्रॅम वजनाची, आत २१ भिंगं असलेली ही लेन्स जुनी झाली तरी अजून नाव राखून आहे. किंमत ५८ हजार. विकणारा बोलायला अतिशय सभ्य. माझे दशावताराचे फोटो बघितले आणि म्हणाला, "मॅडम, अशा कामासाठी जात असेल तर मला आनंदच आहे." लेन्स बंगळूरला वापरलेली आहे, समुद्राचं वारंसुद्धा तिला लागलेलं नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. कोकणातल्या माणसाला नेमकं काय ऐकायचं असतं ते त्याला ठाऊक होतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने नमुन्याचे आठ-दहा फोटो पाठवले. सगळे दुपारच्या उन्हातले, सुंदर. तिथे माझी पहिली चूक झाली. तसे आलेले फोटो दाबून लहान झालेले असतात आणि कोणत्या लेन्सने, कोणत्या छिद्राने, कधी काढला ही फाइलमधली माहितीही निघून गेलेली असते. मूळ फाइल ई-मेलने किंवा ड्राइव्हवर मागायला हवी होती. भर उन्हात छिद्र लहान करून काढलेल्या फोटोत आजारी लेन्ससुद्धा धडधाकट दिसते. मी मागायला हवे होते ते एफ २.८ वर काढलेले आणि समोरून दिवा येत असलेले फोटो.

पाच हजार आगाऊ मागितले, दिले. मग म्हणाला, "मी शुक्रवारी गोव्याला चाललोय, गाडी कुडाळला थांबते, तिथेच हातात देतो. कुरियरचा धोका नको." मला ते बरंच वाटलं. प्रत्यक्ष भेट होणार, म्हणजे फसवणूक नाही, असा माझा समज.

गाडी पाऊण तास उशिरा आली, सात वाजून गेले होते. मी आणि आमचे हे फलाटावर उभे. तो दारातूनच उतरला, हातात खोका. मी लेन्स हातात घेतली, पुढचं झाकण काढलं. पुढे यूव्ही फिल्टर, म्हणजे भिंगाला जपणारी काच, बसवलेला, चकाचक. मागून आरपार बघितलं, काही दिसलं नाही. कॅमेऱ्याला लावून फलाटाच्या पाटीचा एक फोटो घेतला. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर अक्षरं ठीक दिसली. मी फिल्टर काढायला लागले तर तो निघेना. तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, गाडी सुटेल, पेमेंट तेवढं दिसू दे. घरी निवांत बघा, आठ दिवसांत परत करा, मी परतताना घेऊन जाईन." आमचे हे म्हणत होते, "थांब जरा." पण शिट्टी झाली होती. मी पिन टाकला, त्याच्या फोनवर पैसे आल्याचा आवाज झाला आणि तो डब्यात चढला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वऱ्हांड्यात काही फोटो घेतले, बरे आले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात दीपमाळेचे घेतले, आणि पोटात गोळा आला. प्रत्येक ज्योतीभोवती दुधट वलय. काळोख काळा नव्हताच, राखाडी होता. दशावतारातला काळ्या पोशाखातला राक्षस संकासूर या लेन्सने धुक्यात उभा असल्यासारखा दिसला असता.

लेन्स घेऊन स्टुडिओवाल्या काकांकडे गेले. रोलच्या काळापासून ते हेच काम करताहेत. त्यांनी लेन्स हातात घेतली आणि आधी मागची छोटी पट्टी बोटाने सरकवली. मला तेव्हा कळलं की निकॉनच्या या जी प्रकारच्या लेन्सवर छिद्राची रिंगच नसते. कॅमेऱ्यावरून काढलेली असली की आतल्या पाकळ्या मिटून छिद्र अगदी बारीक होतं. फलाटावर मी आरपार बघत होते ते त्या टाचणीएवढ्या भोकातून. भिंगांचा सगळा कडेचा भाग माझ्यापासून लपलेलाच होता. काकांनी पट्टी धरून पाकळ्या उघडल्या, मोबाइलचा टॉर्च पुढून तिरका मारला आणि मला म्हणाले, "आता मागसून बघ."

कोळ्याने विणावं तसं पांढऱ्या धाग्यांचं जाळं. एका भिंगावर नाही, निदान तीन ठिकाणी. आणि कडेला एक ढगाळ पट्टा.

"बाय, ह्यां कोणी दिल्यान तुका?" एवढंच ते बोलले.

त्यांनी रबरी पट्ट्याने पकड घेऊन फिल्टर काढला. आट्यांवर कसलातरी चिकट पदार्थ लावला होता, त्यामुळे तो माझ्या हातून निघणं शक्यच नव्हतं. त्याखालच्या भिंगावरचा चमक रोखणारा लेप पुसून पुसून उडालेला. मग त्यांनी वर्तमानपत्राचं एक पान भिंतीला सपाट चिकटवलं, कॅमेरा ट्रायपॉडवर बरोबर समोर लावला आणि एफ २.८ वर फोटो घेतला. उजव्या बाजूचा मजकूर वाचता येत होता, डावीकडचा पसरलेला. म्हणजे लेन्स कधीतरी पडली असावी किंवा उघडून वाकडी बसवली असावी. शेवटी खोक्यावरचा अनुक्रमांक आणि लेन्सवरचा अनुक्रमांक ताडून बघितला. दोन्ही वेगळे. हे तर मला फलाटावर दहा सेकंदांत बघता आलं असतं.

मी फोन केला. तो चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडची हवाच तशी. दोन दिवसांत दमट हवेने बुरशी धरली असेल." हे वाक्य मला पैशांपेक्षा जास्त लागलं. कारण क्षणभर मला ते खरं वाटलं. आपण इथे राहणारी माणसं गंजलेल्या कड्या, बुरशी धरलेल्या चपला, ओलसर पुस्तकं बघत मोठी झालो. काही बिघडलं की दोष हवेचा, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे आणि तो नेमकं त्याच्यावरच पैसे कमावतो. काका ठामपणे म्हणाले, "ही बुरशी दोन दिसांत येवची नाय." ओलसर जागी, अंधारात महिनोन्महिने पडून राहिलेल्या लेन्सवरच अशी जाळी तयार होते. शिवाय ऑक्टोबर संपत आला होता, पाऊस थांबलेला, आणि लेन्स माझ्या डब्यात सिलिका जेलजवळ होती.

तरीही तो "परतताना घेतो" म्हणत राहिला आणि मी थांबले. आठव्या दिवशी नंबर बंद. मग मला त्या आठ दिवसांचा अर्थ लागला. नवव्या दिवशी मी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला. तक्रार घेतली, पण पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तरच ते खात्यात अडवता येण्याची आशा असते, हे तिथे समजलं. त्याच्या सवलतीने माझा नेमका तोच वेळ खाल्ला होता. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे पूर्वीचं ४२०, इथे लागू शकतं असं ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. पण परत घेण्याचं आश्वासन फोनवर बोलून दिलेलं, लिहून कुठेच नाही. बिलाचा म्हणून पाठवलेला फोटो इतका अस्पष्ट की दुकानाचं नावही वाचता येत नाही. ग्राहक म्हणून ग्राहक आयोगाकडे जावं तर तो व्यापारी असल्याचं आधी दाखवावं लागेल.

दुरुस्तीवाल्याने सफाईचे १४ हजार सांगितले, तेही खात्री न देता. बुरशी पुसता येते, पण तिच्या आम्लाने भिंगावरचा लेप खाल्ला असेल तर ते डाग राहतातच. मी लेन्स उघडलेली नाही. पुरावा म्हणून तशीच वेगळ्या डब्यात ठेवली आहे.

आता जुनी लेन्स बघायला जाल तर दिवसा जा, बसून बघता येईल अशा जागी. टॉर्च न्या, स्वतःचा कॅमेरा न्या, लॅपटॉप असेल तर तोही. पुढचा फिल्टर काढून दाखवायला सांगा. निघत नसेल तर उठा. झूम आणि फोकसची रिंग फिरवताना कान द्या, मोटर चिरचिरते का, कुठे अडकते का. कॅमेरा घेत असाल तर शटर किती वेळा पडलंय ते विचारा. निकॉनच्या मूळ फाइलमध्ये तो आकडा असतो, आणि डी७२०० चं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं आहे, यावरून अंदाज येतो. आणि जागा व वेळ तुम्ही ठरवा. मला वाटतं माझं सगळं नुकसान त्या एका गोष्टीत होतं. फलाट त्याने निवडला, संध्याकाळ त्याने निवडली, घाई गाडीची होती म्हणून मला ती त्याची वाटली नाही.

आपल्या हवेबद्दलही सांगते, कारण चांगली घेतलेली लेन्सही इथे सांभाळावी लागते. पावसात आपल्याकडे आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते. लेन्सला साधारण ४० ते ५० टक्के बरी. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्यावर माझी ५० एमएम सहा पावसाळे स्वच्छ राहिली आहे. निळं जेल गुलाबी झालं की तापवून पुन्हा वापरता येतं. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, पीठ आत जातं. चामड्याच्या पेटीत तर नकोच, ती ओल धरते.

यंदाच्या जत्रेला मी ५० एमएम घेऊनच गेले. मंडळाच्या प्रमुखांना आधी भेटून पायपेटीवाल्यांच्या मागे बसायची परवानगी मागितली, त्यांनी आनंदाने दिली. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२००, एफ २, आणि शटर १/१०० सेकंदावर, कारण रंगमंचावर आता एलईडी असतात आणि त्याहून वेगाने घेतलं की फोटोत आडवे पट्टे उमटू शकतात. हालचाल थोडी पसरते, म्हणून गिरकी संपून पात्र क्षणभर थांबतं तेव्हाच बटण दाबलं. पहाटे आरतीच्या वेळचा एका वृद्ध कलाकाराचा चेहरा मला जसा हवा होता तसा मिळाला.

आणि ती जाहिरात. फोटो मोठे करून बघितले तेव्हा कळलं, त्यातल्या लेन्सच्या हुडवर डाव्या बाजूला नखाएवढा ओरखडा आहे. माझ्या हातात आलेल्या लेन्सच्या हुडवर तो नाही, पहिल्या दिवसापासून नव्हता. या वेळी किंमत ५५ हजार लिहिली आहे, लेन्स पुण्याच्या कोरड्या हवेत वापरलेली आहे असं म्हटलं आहे, आणि भेटायची जागा दिली आहे चिपळूण, रत्नागिरी किंवा कणकवली स्टेशन, संध्याकाळची गाडी.