जुना पिकअप घेऊन उभा करायचाय? बंदरावरचा की घाटावरचा

रत्नागिरी-गुहागरकडे जुना पिकअप घेऊन सवडीने दुरुस्त करून उभा करायचा विचार करणारे बरेच जण भेटतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, टाटा 207 घेऊ की महिंद्रा. माझं म्हणणं, कंपनी नंतर बघा, गाडी आजवर कुठे राबली ते आधी विचारा.

बंदरावरची म्हणजे मिरकरवाडा, हर्णै असल्या ठिकाणी मासे वाहिलेली. स्वस्तात मिळते, घराजवळ असते, कागद आपल्याच आरटीओचे, आणि इंजिन पुष्कळदा बरं निघतं. घात करतं ते खारं पाणी. क्रेटमधला बर्फ वितळला की ते हौद्यातून खाली चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, ठिबकतं, रोज, वर्षानुवर्षं, आणि जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसलेत त्या फटीत शिरलं की उन्हाळ्यातसुद्धा वाळत नाही. माझी पहिली 207 अशीच होती, वरून रंग झकास, खालून नुकतंच काळं कोटिंग मारलेलं, मला वाटलं मालकाने जीव लावलाय गाडीला. घरी आणून मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरशेजारी स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढताना गंजाचे पापुद्रे थरावर थर हातात आले. वेल्डिंगवाला दोन महिने झटला, एक जागा सांधली की शेजारचा पत्रा वितळून भोक पडायचं. गाडी शेवटी भंगारात गेली, फार वाईट वाटलं.

घाटावरची म्हणजे कोल्हापूर, सांगली, कराडकडची, भाजी नाहीतर दूध वाहिलेली. भाव जास्त, आणि इंजिन बहुतेक थकलेलं: ऑइलचं झाकण उघडलं की धूर फेकणार, क्लच संपत आलेला, मागच्या चाकांचं डिफरन्शियल घूं आवाज करणार. पण हातोडीने चासी वाजवा, टणटण आवाज येतो, गंजलेली असेल तर थप्प वाजते. लायनर-पिस्टन, पंप-नोझल ही इंजिनची कामं आपल्या तालुक्याच्या गॅरेजलाही होतात, सडलेली चासी मात्र कुणी परत आणून देत नाही. म्हणून फरक 50 हजारांचा असला तरी मी आंबा घाट उतरवून घाटावरचीच आणेन. फक्त खत वाहिलेली नको, खतही पत्रा खातं.

चिऱ्याच्या खाणीवरची तर बघूच नका, पाटे सपाट आणि चासीला बाक आलेला असतो.

आता कंपनी. 207 डीआयचं (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) इंजिन 2956 सीसीचं, दणकट, ओझ्याला घाबरत नाही, पण केबिनचे दरवाजे, काचा, लायटी असलं सामान शोधत फिरावं लागतं. महिंद्राच्या बोलेरो पिकअपमध्ये जुनं डीआय इंजिन 2523 सीसीचं, आणि पुढचा बराचसा भाग बोलेरोशी मिळताजुळता असल्याने सामान कुठेही मिळतं. पहिल्यांदाच हे काम करणार असाल तर महिंद्रा घ्या, 207 वर मनच बसलं असेल तर मी अडवणार नाही, माझंही आहे.

कागदांत एक गोष्ट लोक विसरतात, चासी नंबर. तो चासीवरच ठोकलेला असतो, गंजाने खाल्ला असेल तर नावावर करताना आणि फिटनेसला अडकाल. मालवाहू गाडीला 8 वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं, पर्यावरण करही 8 वर्षांपासूनच सुरू होतो, आणि 15 वर्षांपुढच्या गाडीची फी जास्त, ते सगळं किमतीत धरा. एमएच 09 ची, म्हणजे कोल्हापूरची, गाडी इकडे आणली तर नंबर तोच राहतो, नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याची सही मात्र पैसे देतानाच घ्या.

बंदरावरचीच परवडत असेल तर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, गाड्या उभ्या असतात, तेव्हा घासाघीस जमते. पावसात इंजिन-गिअरबॉक्स उघडा, चासीला हात ऑक्टोबरनंतरच लावा, दमट हवेत प्रायमर मारला की खाली ओल अडकते आणि वर्षभरात रंगाला फोड येतात. सगळा गंज उतरवून, गोड्या पाण्याने मीठ धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच झिंक प्रायमर.

बघायला जाताना हातोडी, टॉर्च आणि अंथरायला पोतं न्या. आधी सांगून ठेवा की इंजिन थंड असताना मीच स्टार्टर मारणार. केबिनमधलं मॅट उचला, दरवाज्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा, लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर लोहचुंबक चिकटत नाही, आणि मग पोतं टाकून खाली सरका, मागच्या हँगरपासून सुरुवात करा.