प्राग की क्राकूव्ह : जुन्या ज्यू वस्तीतील गाइडसह पायी फेरी कोठे घ्यावी?

मध्य युरोपच्या सहलीत प्राग आणि क्राकूव्ह ही दोन्ही शहरे ठरली असतील आणि वेळ व खर्च यांचा हिशेब करता जुन्या ज्यू वस्तीची गाइडसोबतची पायी फेरी एकाच ठिकाणी जमत असेल, तर ती क्राकूव्हला घ्यावी आणि प्रागमध्ये तिकीट काढून आपले आपण फिरावे, असे माझे मत आहे. प्रागची जुनी ज्यू वस्ती, म्हणजे योझेफॉव्ह हा भाग, यामुळे दुय्यम ठरत नाही. नुसत्या डोळ्यांनी पाहण्याजोग्या वास्तू मोजल्या तर प्रागचे पारडे जडच आहे. मात्र प्रागमधला ठेवा चार भिंतींच्या आत, फलकांसह, नीट मांडून ठेवलेला आहे. क्राकूव्हमध्ये इतिहासाचा मोठा भाग उघड्या रस्त्यांवर, नदीच्या दोन्ही काठांना विखुरलेला आहे आणि तो उलगडून सांगणारे कोणी सोबत नसेल, तर साध्या गल्ल्या, उपाहारगृहे आणि ट्रामचा थांबा यापलीकडे फारसे काही दिसत नाही.

योझेफॉव्ह प्रागच्या जुन्या शहरातील मुख्य चौकापासून चालत पाच मिनिटांवर आहे आणि तेथील सर्व स्थळे सुमारे अर्ध्या किलोमीटरच्या परिसरात येतात. सम्राट दुसरा जोसेफ याने 1781 मध्ये बोहेमियातील (प्राग ज्या प्रांतात येते त्यातील) ज्यूंवरची अनेक बंधने सैल केली, त्याचेच नाव पुढे या भागाला मिळाले. बंधने उठल्यावर ऐपत असलेली कुटुंबे शहरात इतरत्र राहायला गेली, मागे दाटीवाटीने राहणारी गरीब वस्ती उरली आणि 1893 च्या कायद्यानंतर आरोग्याचे कारण पुढे करून जवळजवळ सगळी घरे पाडण्यात आली. सहा सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे), जुने कब्रस्तान आणि ज्यू नगरभवन एवढेच वाचले. म्हणून जुन्या गल्लीबोळांच्या अपेक्षेने येथे येणाऱ्याला समोर दिसतो तो पारिझ्स्का नावाचा रुंद रस्ता, त्याच्या कडेच्या नक्षीदार बहुमजली इमारती आणि तळमजल्यावरची अतिमहागडी दुकाने. या एका वस्तुस्थितीवर प्रागमधील फेरीचा निर्णय बराचसा अवलंबून आहे. ऐच्छिक बक्षिसीवर चालणाऱ्या फेऱ्यांमध्ये प्रवेशशुल्क धरलेले नसते, त्यामुळे गट प्रत्येक वास्तूच्या दारापर्यंत जातो, बाहेर उभा राहून माहिती ऐकतो आणि पुढे सरकतो. ज्या वस्तीत पाहण्याजोगे सर्व काही दारांच्या आत आहे, तेथे अशा फेरीतून पदरात फारच थोडे पडते.

आत काय आहे, याचा अंदाज यावा म्हणून पिंकास सिनेगॉगचे उदाहरण पुरेसे आहे. सोळाव्या शतकातील या वास्तूच्या आतील भिंतींवर नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या बोहेमिया व मोराव्हियातील सुमारे 78,000 ज्यूंची नावे हाताने लिहिलेली आहेत. ती गावांप्रमाणे आणि गावांत आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावलेली असून नावापुढे जन्मतारीख आणि ती व्यक्ती हयात असल्याची शेवटची ज्ञात तारीख दिलेली आहे. एकाच आडनावाखाली आजोबांपासून चार वर्षांच्या नातवापर्यंत सगळ्यांसमोर हीच शेवटची तारीख लागोपाठ दिसू लागली की वाचणारा आपोआप थांबतो. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छावणीतील मुलांनी काढलेली चित्रे आहेत. त्यांना चित्रकला शिकवणाऱ्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांना 1944 मध्ये आउश्वित्झला पाठवून मारण्यात आले, परंतु मुलांची सुमारे 4,500 चित्रे वाचली. येथे कोणी कानाशी बोलत नसेल तर बरेच, असे मला वाटते.

पिंकासमधून बाहेर पडताच जुने कब्रस्तान लागते. तेथील सर्वांत जुना ज्ञात दगड 1439 चा आहे आणि दफने 1787 मध्ये थांबली. ज्यू धर्मनियमाप्रमाणे पुरलेला देह हलवायचा नसतो आणि वस्तीला वाढायला जागा नव्हती, म्हणून जुन्या थडग्यांवर माती टाकून त्यावर नवी दफने होत गेली. प्रत्येक वेळी खालचा दगड वर आणून उभा केल्यामुळे आज सुमारे 12,000 दगड एकमेकांना रेलून उभे आहेत. दगडांवरील चिन्हे ओळखता आली तर येथे अर्धा तास सहज जातो: आशीर्वादाच्या मुद्रेतील दोन हात म्हणजे पुरोहित घराणे, पाण्याची झारी म्हणजे लेवी, अर्थात पुरोहितांच्या सहायकांचे घराणे, कात्री म्हणजे शिंपी. एवढ्यासाठी गाइड लागत नाही, येथील बहुतेक स्थळे सांभाळणाऱ्या ज्यू संग्रहालयाचा श्राव्य मार्गदर्शक पुरतो. शेजारचे सुमारे 1270 मधील जुने-नवे सिनेगॉग हे आजही प्रार्थना होत असलेले युरोपातील सर्वांत जुने सिनेगॉग मानले जाते. ते संग्रहालयाच्या ताब्यात नसून ज्यू समाजाकडे आहे, त्यामुळे आपल्या तिकिटात ते धरले आहे की नाही, हे खिडकीवरच विचारून घ्यावे. रस्त्याच्या पातळीहून खाली उतरून आत जावे लागते आणि स्त्रियांची बसण्याची जागा जाड भिंतीपलीकडे असून तेथून मुख्य दालनात पाहण्यासाठी अरुंद फटी ठेवलेल्या आहेत.

प्रागच्या गाइडविषयी आणखी एक शंका आहे. गोलेम नावाचा मातीचा पुतळा सजीव करणारे रब्बी (ज्यू धर्मगुरू) लोव यांची कथा रंगवून सांगणे येथे धंद्याचा भाग झाले आहे. रब्बी लोव 1609 मध्ये वारले आणि त्यांना गोलेमशी जोडणाऱ्या कथा छापील स्वरूपात आल्या त्या एकोणिसाव्या शतकात, हे सांगणारा गाइड भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. नाझींना येथे ‘नामशेष वंशाचे संग्रहालय’ उभारायचे होते, हे वाक्यही असेच ठामपणे ऐकवले जाते, मात्र त्या योजनेला कागदोपत्री आधार मिळालेला नाही, असे अभ्यासक म्हणतात. उद्ध्वस्त होत असलेल्या गावोगावच्या वस्त्यांमधील पूजेच्या वस्तू व ग्रंथ यांची 1942 पासून प्रागमध्ये नोंद ठेवणारे कर्मचारी स्वतः ज्यू होते आणि त्यांतील बहुतेकांना पुढे छावण्यांत धाडण्यात आले. प्रागमध्ये गाइड घ्यायचाच असेल तर संग्रहालयामार्फत, प्रवेशासह घ्यावा. संग्रहालयाचे तिकीट मुळातच स्वस्त नाही, चौघांच्या कुटुंबाला गाइडसह ते चांगलेच जड जाते.

क्राकूव्हचे गणित उलटे आहे. पोलंडचा राजा तिसरा काझिमिएझ याने 1335 मध्ये आपल्या नावाने वसवलेले काझिमिएझ हे सुरुवातीला स्वतंत्र नगर होते. 1495 मध्ये क्राकूव्हमधील ज्यूंना तेथे हलवण्यात आले आणि पुढील चार शतकांहून अधिक काळ ही वस्ती नांदती राहिली. प्रागप्रमाणे ती पाडली गेली नाही. माणसे गेली आणि घरे राहिली. त्यामुळे रस्त्यांची आखणी, अंगणे, दारे अजून जागेवर आहेत, आणि गाइड ज्या गोष्टींवर बोट ठेवतो त्या अशाच लहान आहेत. उदाहरणार्थ, एखाद्या जुन्या घराच्या दाराच्या चौकटीत उजव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, बोटभर लांबीची तिरकी खाच दिसते. धर्मवचने लिहिलेली गुंडाळी ठेवण्याची मेझुझा नावाची डबी तेथे बसवलेली होती. मुंबईत किंवा अलिबाग परिसरात बेने इस्रायली कुटुंबांच्या दारावर ही डबी पाहिलेल्यांना तिची जागा लगेच ओळखू येईल. इतरांच्या नजरेतून ती हमखास सुटते.

काझिमिएझमध्ये दिशाभूलही बरीच होते. शेरोका या प्रशस्त, चौकासारख्या रस्त्यावर जुन्या धाटणीच्या दुकानपाट्या, मेणबत्त्या आणि व्हायोलिनवादन यांनी सजलेली उपाहारगृहे आहेत. हा बहुतांश देखावा पर्यटकांसाठी अलीकडच्या काळात उभा केलेला आहे. त्याच रस्त्यावरचे सोळाव्या शतकातील रेमू सिनेगॉग मात्र खरे, लहानसे आणि आजही वापरातले आहे. त्यामागच्या कब्रस्तानात रब्बी मोझेस इसर्लेस यांची कबर आहे. योसेफ कारो यांच्या धर्मशास्त्रीय संहितेवर त्यांनी घातलेल्या टिपांमुळे ती मध्य व पूर्व युरोपातील, म्हणजे अश्कनाझी, ज्यूंना आपली वाटली. कब्रस्तानाच्या एका भिंतीत फुटक्या थडग्यांचे तुकडे बसवलेले आहेत. गाइड शेरोकावर किती वेळ घालवतो आणि रेमूवर किती, यावरून तो कसा आहे हे बहुधा कळते.

खरा फरक व्हिस्तुला नदी ओलांडल्यावर पडतो. अनेकांचा समज असा असतो की नाझींनी ज्यूंना कोंडले ती जागा म्हणजे काझिमिएझ, आणि ‘शिंडलर्स लिस्ट’ या 1993 च्या चित्रपटातील गेट्टोची, म्हणजे त्या कोंडवस्तीची, दृश्ये काझिमिएझमध्येच चित्रित झाल्याने तो घट्ट झाला आहे. प्रत्यक्षात मार्च 1941 मध्ये गेट्टो उभारला गेला तो पलीकडच्या पॉदगुझे भागात. पूर्वी सुमारे 3,000 माणसे राहत होती तेवढ्याच जागेत सुमारे 15,000 लोकांना कोंडण्यात आले. 1942 मध्ये जून आणि ऑक्टोबरमध्ये हजारोंना बेल्झेत्सच्या मृत्युछावणीत पाठवले गेले आणि 13 व 14 मार्च 1943 रोजी गेट्टो रिकामा करण्यात आला. आज तेथे जुन्या काळाचे फार थोडे अवशेष आहेत. ल्वोव्स्का रस्त्यावर भिंतीचा एक तुकडा उभा आहे, ज्याचा वरचा काठ थडग्यांच्या दगडांसारखा कमानदार केलेला होता. फलक वाचला नाही तर ती एखाद्या आवाराची भिंत वाटते. ज्या चौकातून लोकांना नेले गेले तेथे 2005 पासून धातूच्या मोठ्या रिकाम्या खुर्च्या उभ्या आहेत. माणसे नेल्यानंतर चौकात पडून राहिलेल्या सामानसुमानाची ती आठवण आहे. ट्रामची वाट पाहणारे लोक त्यांतल्या काही खुर्च्यांवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले असतात, आणि रचनेत ते गृहीतच धरलेले आहे. चौकाच्या कोपऱ्यावर तादेउश पान्कियेविच यांचे औषधालय होते. ते ज्यू नव्हते, तरी गेट्टोच्या हद्दीत दुकान चालू ठेवून त्यांनी औषधे, निरोप आणि आसरा पुरवला. आता तेथे छोटे संग्रहालय आहे. हा सगळा भाग एकट्याने पाहायचा तर नकाशा हातात धरून एका फलकापासून दुसऱ्या फलकापर्यंत जावे लागते आणि मधले धागे निसटतात. जाणकार माणूस सोबत असेल तर काझिमिएझमधल्या त्याच दारांतून निघालेली कुटुंबे सामान घेऊन पूल ओलांडून येथे कशी आली, हे पावलापावलाने लक्षात येते.

ऐच्छिक बक्षिसीची फेरी क्राकूव्हमध्ये म्हणूनच वाया जात नाही. रस्तेच मुख्य असल्याने प्रवेश न घेताही विषयाचा गाभा हाती लागतो. अशा फेऱ्या साधारणपणे अडीच तास चालतात आणि अनेकदा, ज्यू कामगारांना वाचवणारा उद्योजक शिंडलर याच्या कारखान्यापाशी संपतात. त्या कारखान्यातील 2010 मध्ये उघडलेले संग्रहालय शिंडलरपेक्षा नाझी ताब्यातील क्राकूव्हविषयी अधिक सांगते. तेथील तिकिटे संपतात, म्हणून फेरी ठरवतानाच त्या दुपारचे तिकीट काढून ठेवावे. गट तीस-चाळीस जणांचा झाला तर अरुंद फुटपाथवर मागच्यांना काही ऐकू येत नाही. घरचे पाच-सहा जण असतील तर खासगी गाइडचा खर्च वाटून घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. आधी पत्रव्यवहार करून पॉदगुझे फेरीत आहे ना, एवढे विचारावे. नुसत्या काझिमिएझची फेरी मी सुचवणार नाही.

वार पाहून बेत आखणे दोन्हीकडे आवश्यक आहे. शब्बाथ या ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसामुळे प्रागमधील संग्रहालयाची सर्व स्थळे शनिवारी आणि ज्यू सणांना बंद असतात. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलींना शनवार तेली म्हणत, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही, पण सहलीचा प्रागमधला एकुलता एक दिवस शनिवारी येत असेल तर योझेफॉव्ह हातचा जातो. क्राकूव्हमध्ये शनिवारी रेमू बंद असले तरी रस्त्यांवरची फेरी होऊ शकते. सिनेगॉग व कब्रस्तानात पुरुषांनी डोके झाकायचे असते, म्हणून टोपी जवळ ठेवावी.

ज्येष्ठ सोबत असतील तर मात्र प्राग सोयीचे आहे, कारण अंतरे थोडी आहेत आणि मध्ये बसायला जागा मिळते. क्राकूव्हची पूर्ण फेरी तीन किलोमीटरच्या आसपास जाते, तीही दगडी फरसबंदीवरून. गुडघे दुखत असतील तर काझिमिएझ पायी पाहून पॉदगुझेला ट्रामने जावे, थांबा खुर्च्यांच्या चौकातच आहे. शाकाहारी मंडळींची सोय प्लाच नोव्ही या चौकात होते. पूर्वी कोंबड्या कापण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तेथील गोल इमारतीच्या खिडक्यांतून आता झापिएकांका, म्हणजे अळंबी आणि चीज घालून भाजलेला लांब पाव, मिळतो. मांसाचे प्रकारही असतात, म्हणून मागताना स्पष्ट सांगावे.

क्राकूव्हला येणारे बहुतेक जण आउश्वित्झलाही जातात. ते सुमारे 65 किलोमीटरवर असून जाऊन-येऊन पूर्ण दिवस मोडतो. त्याच संध्याकाळी काझिमिएझची फेरी घेण्याचा मोह टाळावा, आणि शक्य असेल तर फेरी आदल्या दिवशी ठेवावी.