अल्बेंडाझोल ४०० (जंतांची गोळी): काम चोख करते, फक्त दुसरा डोस घ्या

खूप जणांनी या गोळीला एक स्टार दिलाय, "महिन्याभरात परत जंत झाले" म्हणून, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. गोळीत खोट नाहीये हो, बहुतेकांनी ती एकदाच घेतली असणार आणि तीही फक्त मुलाला दिली असणार.

आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो, एकत्र कुटुंब, सासूबाई, जाऊबाई, दोघींची मुलं. धाकटा रात्री झोपेतून उठून शीच्या जागी खाजवत रडायला लागला, टॉर्च लावून बघितलं तर सुताच्या तुकड्यासारखे बारीक पांढरे जंत, वळवळणारे. डॉक्टर म्हणाले की या जंतांची मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते म्हणून खाज रात्रीच जास्त, आणि शौचाच्या तपासणीत हे बरेचदा सापडतच नाहीत, डोळ्यांनी दिसलेत तर ती करायची गरज नाही.

मग घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी गोळी, खाज असो वा नसो. मोठ्यांना आणि दोन वर्षांवरच्या मुलांना ४०० मिलिग्रॅम, एक ते दोन वर्षांच्या जावेच्या लेकीला डॉक्टरांनी अर्धा डोस सांगितला. आणि बरोबर दोन आठवड्यांनी परत तेवढीच. कारण गोळीने जंत मरतात, अंडी मरत नाहीत, ती नखांत, चादरीत, चड्डीत दोन-दोन आठवडे टिकतात, मुलाने खाजवून बोट तोंडात घातलं की चक्र परत चालू! सासूबाई आधी म्हणाल्या, "अगं मला कशाला, मी वावडिंग घेते की", पण नातवंडं त्यांच्याच कुशीत झोपतात म्हटल्यावर त्यांनी पण घेतली.

चघळायची गोळी आहे, पाण्याबरोबर गिळायची धडपड नको. लहानांना कुटून पाण्यात कालवून द्या, अख्खी दिली तर घशात अडकू शकते. सिरप पण मिळतं, १० मिलीची बाटली, पण त्यात औषध किती ते लेबलवर बघूनच द्या. आमच्या कोपऱ्यावरच्या केमिस्टभाईंनी चिठ्ठी बघून दुसऱ्या डोसची तारीख पाकिटावर स्वतः लिहून दिली, खरंच मनापासून आभार. आणि माणशी खर्च एका प्लेट सेवउसळीपेक्षा कमी.

एक स्टार कापतेय कारण पाकिटात एकच गोळी येते त्यामुळे माणसाला वाटतं झालं काम.

घरची कामं पण केलीत तरच उपयोग. नखं बारीक कापा, सकाळी उठल्याबरोबर अंघोळ किंवा निदान ढुंगण स्वच्छ धुवा, चड्डी रोज बदला, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घाला, आणि अंथरूण घरात झटकू नका, अंडी हवेत उडतात. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत, कुत्र्या-मांजरापासून पण हे येत नाहीत, माणसाकडूनच माणसाला येतात, तेव्हा मुलाचा गूळ बंद करून त्याला रडवू नका.

गरोदर बायकांनी आणि वर्षाच्या आतल्या बाळासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. शाळेत-अंगणवाडीत १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिवसाला मिळते ती पण हीच गोळी, पण ती मुलांपुरती असते, घरच्या बाकीच्यांचं काय ते आपणच बघायचं.