घरगुती पिठाची गिरणी: भाकरीच्या घराला किती उपयोगाची?

दुकानात घरगुती गिरणी दाखवतात ती गव्हावर. विक्रेता किलोभर गहू वर ओततो, सात-आठ मिनिटांत खाली बारीक पीठ जमतं, गिऱ्हाईक चिमटीत घेऊन बघतं आणि सौदा ठरतो. मराठवाड्यातल्या घरासाठी ही चाचणी पुरेशी नाही. गव्हाच्या कणकेला स्वतःचा ताण असतो, त्यामुळे दळण थोडं भरड आलं तरी पोळी लाटली जाते. ज्वारीला तो आधार नाही. पीठ किती बारीक, किती ताजं आणि किती गरम पाण्यात मळलं यावरच भाकरी थापता येते की कडेने फाटते हे ठरतं. म्हणून इथे या यंत्राची पारख ज्वारीवर केली आहे. गव्हाचं काम सगळ्याच गिरण्या बऱ्यापैकी करतात, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. घरात रोज भाकरी होत असेल, दोन-तीन धान्यांची पिठं थोडी थोडी लागत असतील, किंवा कुणाला गव्हाचा अंशही चालत नसेल, तर ही गिरणी फार कामाची आहे. दळणाचे पैसे वाचवायला घेत असाल तर घेऊ नका.

बाजारातल्या गिरणीत दोन दगडी पाळ्यांमध्ये धान्य घासलं जातं. घरगुती गिरणी तशी चालत नाही. लाकडी किंवा प्लायच्या कपाटात एक अश्वशक्तीची, म्हणजे साधारण ७५० वॉटची मोटर असते. तिच्या दांड्यावरची पोलादी पाती दळणाच्या डब्यात गरगर फिरतात आणि वरून पडणारं धान्य झोडपून फोडतात. भोवती गोल जाळी असते. तिच्या भोकातून जाईल एवढा कण झाला की तो खाली पिठाच्या डब्यात उतरतो. पात्यांमुळे तयार झालेली हवा कापडी पिशवीतून किंवा कापडी झाकणातून बाहेर पडते. ही हवा बाहेर पडणं फार महत्त्वाचं आहे. कापडाची छिद्रं पिठाने बुजली की पीठ तापतं, दळण्याचा वेग उतरतो आणि शेवटी डबा तुंबतो. 'गिरणी आता पूर्वीसारखी चालत नाही' या तक्रारीत बऱ्याचदा मोटरचा काहीच दोष नसतो. कापड दर आठवड्याला झटकलं आणि महिन्याने धुऊन कडकडीत वाळवून लावलं, की यंत्र पूर्ववत होतं.

पाळ्यांमधलं पीठ घासून निघतं, तापतं, आणि त्यात पिष्टाचे कण जास्त भरडले जातात. असं पीठ पाणी जास्त धरतं, चिकट होतं. झोडपून निघालेलं पीठ त्या मानाने कोरडं आणि सुटं असतं. त्यामुळे त्याच ज्वारीचं घरच्या गिरणीतलं पीठ पहिल्या आठवड्यात बायकांना 'बसत नाही' असं वाटतं. उपाय सोपा आहे. कोमट पाण्याऐवजी उकळी आलेलं पाणी घ्यावं, पिठाच्या मध्ये आळं करून त्यात ओतावं, उलथण्याने कालवून दोन मिनिटं झाकून ठेवावं, मग तळहाताच्या टाचेने रगडून मळावं. एका वेळी एका भाकरीचाच गोळा मळायचा, ही जुनी पद्धत इथेही सोडू नये. एवढं केलं की ज्वारी मालदांडी जातीची असो की दगडी जातीची, भाकरी कडेला फाटत नाही.

ताजेपणात मात्र घरची गिरणी सरस ठरते. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, कितीही मळलं तरी गोळा सांधत नाही. ज्वारीच्या कोंबात तेलाचा अंश असतो, दळल्यावर त्याला हवा लागते आणि पीठ कडवट होत जातं. बाजरीत तेल आणखी जास्त, म्हणून बाजरीचं पीठ उन्हाळ्यात चार-पाच दिवसांतच कडू लागतं. गिरणीवर जायचं म्हटलं की कुणी दोन किलोसाठी जात नाही, डबा भरून दहा किलो नेतं, आणि शेवटचे चार किलो विरी गेलेलेच खाल्ले जातात. घरी दर चार-पाच दिवसांनी दोन किलो दळता येतं. माणसं भाकरी सोडून पोळीकडे वळली त्याची कारणं बरीच आहेत. रेशनवर गहू आला, खरिपात सोयाबीन पसरलं, नोकरीच्या घाईत पोळीचा डबा सोपा पडला. पण शहरात वाढलेल्या मुलीला भाकरी जमत नाही, तेव्हा निम्म्या वेळा दोष तिच्या हाताचा नसून पंधरा दिवसांच्या पिठाचा असतो. ही एक अडचण गिरणीने खरोखर दूर होते.

जाळ्यांबद्दल नीट समजून घ्या. सोबत सहा ते आठ जाळ्या मिळतात, पण त्यांचे क्रमांक सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. एकाची दोन नंबर दुसऱ्याच्या तीनसारखी असू शकते. म्हणून शेजारणीने सांगितलेला नंबर धरू नये. ज्वारी-बाजरीला सगळ्यात बारीक किंवा तिच्यानंतरची जाळी, गव्हाला त्यापुढची, धपाट्याच्या आणि थालिपिठाच्या भाजणीला आणखी एक पायरी जाड, लाडवाच्या बेसनाला मध्यम, लापशी आणि रव्याला शेवटच्या दोन. अतिबारीक जाळीवर हरभरा डाळ टाकली की जाळी बुजते, पीठ तापून तिला लेपासारखं चिकटतं. उडीद-ज्वारीच्या कळण्यासाठी, म्हणजे कळण्याच्या भाकरीच्या मिश्र पिठासाठी, दोन्ही धान्यं आधी मिसळून टाकावीत, नुसता उडीद शेवटी टाकू नये.

येसरासाठी, म्हणजे आमटीत घालायच्या भाजक्या पिठासाठी, ही गिरणी उत्तम. भाजलेली धान्यं, डाळी, धणे अशा अर्ध्या-पाऊण किलोच्या दळणाला बाजारची गिरणी नको म्हणते, आणि मिक्सरमध्ये ते सारखं दळलं जात नाही. एकच काळजी घ्यायची: भाजलेलं सगळं ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं. आत वाफ राहिली तर दळणाच्या डब्यात ओल धरते आणि पीठ गोळ्यांनी अडकतं. तीळ, जवस, कारळं, शेंगदाणे मात्र यात कधीही टाकू नयेत. त्यांचं तेल सुटतं, जाळीचं भोकन् भोक बंद होतं, आणि ते खरवडून काढताना जाळी फाटते. काळ्या तिखटासाठी सुकी मिरची चालते असं विक्रेते सांगतात. चालते हे खरं, पण झणका लाकडी कपाटात आणि कापडात मुरतो आणि नंतरची दोन-तीन दळणं तिखट लागतात. तिखट कांडपावरूनच आणावं.

धान्य कसं टाकता यावर यंत्राचं आयुष्य अवलंबून आहे. ते निवडून, पाखडूनच टाकावं. हल्ली मळणी यंत्रातून आलेल्या ज्वारीत माती कमी असते, पण बारीक खडा आणि कधी तारेचा तुकडा निघतो. वरच्या तोंडाशी लोहचुंबक असलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्या. खड्याने जाळीला चीर पडते, आणि ती चीर दिसत नाही. महिन्यातून एकदा जाळी काढून उजेडासमोर धरावी. भोक मोठं झालेलं दिसलं किंवा पिठात अचानक कणी येऊ लागली तर जाळी बदलावी. फाटक्या जाळीची धातूची कुसं पिठात जातात. नवी शाळू ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात येते तेव्हा ती वरून वाळलेली वाटते, आत ओल असते. दोन-तीन कडक उन्हं दिल्याशिवाय दळू नये. दाताखाली 'कट्' आवाज करून फुटली पाहिजे. पावसाळ्यात सादळलेलं धान्यही असंच तासभर उन्हात किंवा पंख्याखाली टाकावं.

चालवण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी मोटर रिकामी सुरू करायची, ती वेगात आली की धान्याची झडप हळूहळू उघडायची. धान्य संपल्यावर मिनिटभर रिकामी फिरू द्यायची, मग बंद. उलट केलं, म्हणजे झडप उघडी ठेवून बटण दाबलं, की पाती धान्यात रुतलेली असतात, मोटर नुसती गुणगुणते आणि तापते. भारनियमनाच्या गावांत हेच सगळ्यात जास्त घडतं. दळता दळता वीज जाते, डबा भरलेला राहतो, वीज येताच गिरणी आपोआप सुरू व्हायला बघते आणि अडकते. वीज गेली की लगेच बटण बंद करा, झडप मिटा. परत आल्यावर आधी प्लग काढून दार उघडा, आतलं धान्य ब्रशने काढा, मगच चालू करा. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ही मोटर चालवू नये, सुरू होतानाचा झटका त्याला झेपत नाही. व्होल्टेज १८०च्या खाली असेल तर दळण थांबवा. गावात संध्याकाळी दाब उतरतो, त्यामुळे सकाळी किंवा दुपारी दळणं बरं. जोडणी १६ अँपियरच्या सॉकेटवर, अर्थिंगसह हवी. मिक्सरच्या सॉकेटवर जोडली तर प्लग काळा पडतो.

सफाईला विक्रेते जेवढं सोपं म्हणतात तेवढं ते नाही. 'आपोआप सफाई'ची सोय हवेने सैल पीठ उडवते, कोपऱ्यातलं तसंच राहतं. आठवडाभर गिरणी बंद राहणार असेल तर जाळी, दळणाचा डबा आणि खालचा कप्पा ब्रशने झाडून घ्यावाच लागतो, नाहीतर पोरकिडे आणि झुरळं होतात. पाणी कुठेही लावायचं नाही. धान्य बदलताना मूठभर पुढचं धान्य दळून ते पीठ बाजूला काढावं. उपवासाची भगर, राजगिरा दळताना किंवा घरात गहू न चालणारं माणूस असताना ही मूठ पुरत नाही, पूर्ण झाडाझड करावी लागते. तरीही बाजारच्या गिरणीपेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. तिथे आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू तुमच्या ज्वारीत येणारच, आणि पाळ्यांना नुकती टाकी लावलेली, म्हणजे छिन्नीने टाचलेलं, असेल तर पिठात कचकचही येते.

आता पैशांचा हिशोब. महिन्याला ३० किलो दळण आणि बाजारचा दर किलोला ६ रुपये धरला तर महिन्याचे १८० रुपये होतात. घरी तासाला सात-आठ किलो दळलं जातं आणि साधारण एक युनिट लागतं, म्हणजे ३० किलोला चार-साडेचार युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर ३५ रुपये. महिन्याला वाचले १४५. यंत्र १६ हजारांचं असेल तर नुसती किंमत निघायलाच नऊ वर्षं लागतात, त्यात जाळ्या आणि दुरुस्ती धरलेली नाही.

पैशांइतकाच विचार कामाचा करायला हवा, आणि तो सहसा कुणी करत नाही. दळणाचा डबा सायकलवर, मोटरसायकलवर नेऊन आणायचं काम बहुतेक घरांत मुलांकडे किंवा पुरुषांकडे असतं. गिरणी घरात आली की ते काम स्वयंपाकघरात येतं आणि न बोलता बाईच्या वाट्याला जातं: निवडणं, टाकणं, उभं राहून लक्ष ठेवणं, झाडणं. पूर्वी आठवड्यातून एकदा दुसऱ्याने केलेलं काम आता तिने दोनदा करायचं. मला हे अजिबात पटत नाही. यंत्र घेण्याआधी दळण कोण करणार आणि जाळी कोण झाडणार हे घरात स्पष्ट ठरवावं. शिकायला अवघड काही नाही, बारा-तेरा वर्षांच्या मुलालाही मोठ्यांच्या देखरेखीत निवडण्यापासून पीठ भरण्यापर्यंतचं सगळं जमतं.

शेजाऱ्यांचं दळण करून चार पैसे मिळवायचा विचार असेल तर हे यंत्र घेऊ नका. एक अश्वशक्तीची मोटर सलग तीन-चार तास चालवायला बनवलेली नसते, आणि व्यवसायासाठी वापर केला तर वॉरंटी बहुधा लागू होत नाही. त्यासाठी दोन-तीन अश्वशक्तीची गिरणी वेगळी मिळते. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडून गिरणीसाठी अनुदानाच्या योजना येतात. त्यांची चौकशी पंचायत समितीत जाऊन करावी, मोबाइलवर फिरणाऱ्या फॉर्मवर भरवसा ठेवू नये.

दुकानात जाताना घरची दोन किलो ज्वारी न्या आणि तीच दळून मागा. पीठ घरी आणून भाकरी करून बघा, मग पैसे द्या. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडला विक्रेते भरपूर आहेत. तालुक्याच्या गावी मात्र यंत्र मिळतं आणि दुरुस्तीवाला मिळत नाही. जाळी, पाती, कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा भाग) आणि कापडी पिशवी सुटी मिळते का, कारागीर कुठून येतो, येण्याचे वेगळे पैसे घेतो का, हे बिलावर लिहून घ्या. गिरणी गुणगुणते पण फिरत नाही, आणि डबा रिकामा आहे, असं झालं तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. तो स्वस्त असतो, मोटर बदलायला लगेच तयार होऊ नका. दार उघडताच मोटर आपोआप थांबवणारा सुरक्षा स्विच आहे का, हेही बघा. लहान मुलांच्या घरात त्याशिवायचं मॉडेल नकोच.

फ्लॅटमध्ये ठेवताना पायाखाली जाड रबर लावा, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, आणि दुपारी दोन ते चार दळू नका. आवाज मिक्सरएवढाच असतो, पण पंधरा-वीस मिनिटं सलग चालतो आणि खालच्या मजल्यावर घुमतो.

जुनी गिरणी स्वस्तात मिळते, कारण हौसेने घेऊन पडून राहिलेल्या गिरण्या गावोगाव आहेत. घेताना आधी मोटर रिकामी फिरवून ऐका. खरखर आली तर बेअरिंग गेलं आहे. पाती बोटाने हळू चाचपा, कडा गोल झाल्या असतील तर नवी टाकावी लागतील. कपाटाचा तळ आणि मागची फळी फुगलेली असेल तर ती ओलीत राहिलेली आहे आणि आत पोरकिड्यांनी घर केलेलं असणार. अशी गिरणी निम्म्या किमतीलाही घेऊ नका.