भीतीची गोष्ट: आधी पुस्तकातून की पडद्यावर?

सात-आठ वर्षांचं मूल स्वतःहून भुताची गोष्ट मागू लागलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आताच कशाला. दुसरा म्हणतो, असं घाबरत राहिलं तर कसं व्हायचं. सगळा वाद 'दाखवायचं की नाही' यावरच अडतो. आमच्या मते आधी माध्यम ठरवावं. तीच गोष्ट आजीच्या तोंडून ऐकली, पुस्तकात वाचली किंवा थिएटरात पाहिली, तर ती थांबवणं मुलाच्या हातात किती राहतं, हे दर वेळी वेगळं असतं. निवड त्यावर करावी.

पुस्तक आणि सिनेमा

पुस्तकात वेग मुलाचा असतो. भीती वाटली की ते पान मिटतं, स्वयंपाकघरात एक चक्कर मारून येतं, नाहीतर शेवटचं पान आधी वाचून घेतं. शेवट आधी वाचला म्हणून रागावू नका. पुढे काय आहे याचा अंदाज घेऊन ते पुन्हा आत शिरत असतं. शिवाय शब्दांतून उभं राहणारं भूत मुलाच्या स्वतःच्या कल्पनेतलं असतं, आणि ते सहसा त्याला पेलतं.

सिनेमात आधी मिनिटभर शांतता, मग एकदम चेहरा आणि मोठा आवाज. त्यावर दचकणं शरीराचं काम आहे. हे सगळं खोटं आहे हे पक्कं माहीत असलेलं मूलही दचकतं, आणि डोळे मिटले तरी आवाज येतच राहतो.

पण पुस्तक म्हणजे बिनधोक, असंही नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मनाला मजकुरापेक्षा चित्र जास्त लागतं. म्हणून भयकथेचं पुस्तक रात्री उशाशी ठेवू नये, बाहेरच्या खोलीत ठेवावं. दुसरी अडचण भराभर वाचणाऱ्या मुलांची. आठव्या वर्षी बाराव्या वर्षाचं पुस्तक वाचता येणं वेगळं आणि ते झेपणं वेगळं. असं मूल एकटं वाचतं आणि कुठल्या पानावर अडकलं ते घरात कुणाला कळत नाही. पणजीच्या पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयाच्या बालविभागातून पुस्तक आणलंत, तर पहिली दोन प्रकरणं तुम्ही मोठ्याने वाचा. मूल 'पुढे?' विचारतं की विषय बदलतं, त्यावरून पुष्कळ कळतं.

सांगितलेली गोष्ट

सांगणाऱ्याला समोरचा चेहरा दिसतो, त्यामुळे आवाज आणि भूत दोन्ही लगेच लहान करता येतात. आपल्याकडच्या राखणदाराच्या गोष्टी पाच-सहा वर्षांच्या मुलांना सुरुवातीला चांगल्या. गावाची राखण करणारा, हातात काठी घेऊन रात्रीचा फिरणारा, वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा: यात भीती आहे आणि सांभाळणारंही कुणी आहे. एक मात्र पाळा, ठिकाण सांगू नका. सिनेमातला बंगला कुठेतरी लांब असतो. गोष्टीतला वड शाळेच्या वाटेवर निघाला तर मुलाला रोज त्याच्याखालून जावं लागतं.

थिएटर आणि घर

पहिला भीतीचा सिनेमा घरीच, दिवसा, पडदे उघडे ठेवून, आवाज निम्म्यावर आणून. मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं. आत भाजी चिरत 'मी आहे हां इथेच' म्हणणं पुरत नाही. तुम्ही आधी सुरुवातीची पंधरा मिनिटं आणि शेवटचा भाग आवाजासकट पाहून ठेवा. पहिली बैठक वीस-पंचवीस मिनिटांची पुरे.

थिएटरात आवाज कमी करता येत नाही, दृश्य थांबवता येत नाही. जायचंच असेल तर रांगेच्या टोकाची खुर्ची घ्या आणि खूण ठरवा: हात दोनदा दाबला की बाहेर, का म्हणून विचारायचं नाही. मध्येच उठलात तर संध्याकाळी शेवट दोन वाक्यांत सांगून टाका. नाहीतर मुलाच्या डोक्यात तो राक्षस मोकळाच राहतो.

प्रमाणपत्र काय सांगतं

२०२४च्या नियमांपासून सेन्सॉर बोर्डाच्या यूए प्रमाणपत्राचे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग झाले. हे वयाचे आकडे पालकांना दिलेला सल्ला आहेत. त्यावरून थिएटरवाले मुलाला अडवत नाहीत. 'ए' सिनेमाला मात्र १८ वर्षांखालच्या मुलाला पालकांबरोबरही प्रवेश नाही. ओटीटीवर वयाच्या खुणेबरोबर हिंसा, भीती असे शब्दही दिलेले असतात, ते वाचा. यूए १३+ आणि वरच्या मजकुराला पालकांसाठी कुलूप असतं, ते लावा.

वयापेक्षा मूल पाहा

तीन ते सहा वर्षांची मुलं दिसण्याला घाबरतात. चांगलं माणूस डोळ्यांदेखत राक्षस झालं की सर्वांत जास्त. या वयात 'खोटं आहे रे' याचा उपयोग होत नाही. जवळ घ्या, पाणी द्या, दिवा लावा. सात-आठनंतर समजावणं लागू पडू लागतं.

गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराचे मोठे पुतळे उभे करतात. ती रात्र याची चांगली परीक्षा आहे. वाड्यावरच्या मुलांबरोबर दिवसाउजेडी ज्याने सांगाड्यात गवत भरलं, कागद चिकटवले, रंगाचा डबा धरला, ते मूल त्या रात्री आपण केलेला हात शोधत असतं. तेच मूल थेट मध्यरात्री, कर्णे दणाणत असताना, खांद्यावरून समोर नेलं तर किंचाळतं. सिनेमाचंही तसंच: मेकअप कसा करतात, आवाज कसे काढतात, हे आधी दाखवा.

दहा-अकराच्या पुढे भीती बदलते. भूत मागे पडतं. चोर, अपहरण, पूर, आईवडिलांचं मरण पुढे येतं. त्यामुळे 'यात भूत नाही' म्हणून लावलेली सत्यघटनाच कधी जास्त लागते.

नंतरच्या रात्री

एक-दोन रात्री दिवा लावून झोपणं साधं आहे. भूत-भूत खेळणं, तेच चित्र काढत बसणं हे बरं लक्षण. मूल ते पचवतंय. वाईट स्वप्न बहुधा पहाटेकडे पडतं आणि मूल जागं होऊन ते सांगतं. झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांतच किंचाळून उठलं आणि सकाळी काहीच आठवत नसेल, तर तो प्रकार वेगळा. तेव्हा हलवून जागं करू नका, पडू-धडपडू नये एवढं पाहा. दोन आठवड्यांनंतरही एकटं मोरीत जात नसेल, शाळेला नको म्हणत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

सगळ्यांत जास्त घोटाळा चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, होतो. मूळ घरी भावंडं जमतात, बारा-तेरा वर्षांची मुलं फोनवर काहीतरी लावतात आणि पाच वर्षांचं धाकटं मागून डोकावतं. खोलीतलं सर्वांत लहान मूल कोण, त्यावर सिनेमा ठरवा. धाकटी झोपल्यावर लावू, हेही कौलारू घरात चालत नाही. भिंती आढ्यापर्यंत नसतात, शेजारच्या खोलीत चित्राशिवाय नुसती किंकाळी पोचते आणि ती चित्रापेक्षा वाईट. त्यापेक्षा धाकट्यांना कुणीतरी दुपारी फिरायला न्यावं आणि मोठ्यांनी तेव्हा पाहून घ्यावं.