हेडलॅम्प बरा आहे, बटण मात्र डोकं फिरवतं (3 स्टार)

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हा हेडलॅम्प 1,150 ला घेतला, दुकानदार 1,400 वर अडून बसला होता. जानेवारीत मेघालयला जायचं होतं, गुहा बघायला. बॉक्सवर हजार लुमेन लिहिलंय, तेवढे काय नसतील पण मिडियमवर साडेचार तास चालला, वरून पाणी ठिबकत होतं तरी बंद पडला नाही. चार्जिंग सी टाईप.

आता मेन गोष्ट. आपल्याला गोव्यात गुंफा म्हणजे हरवळ्याच्या, जांभ्यात कोरलेल्या, दहा पावलांत संपणाऱ्या. तिकडे चुनखडी, पावसाचं किंचित आंबट पाणी हजारो वर्षं दगड विरघळवत गेलंय, क्रेम लियाट प्राह नावाची गुहा तर 30 किलोमीटरच्या वर आहे (आम्ही गेलो ती छोटीशी, तरी माझी पाठ गेली). आत छताला वाघळं लटकलेली आणि माझ्या लॅम्पला एकच बटण!! वाघळांना कमी त्रास देणारा लाल लाइट पाहिजे तर आधी हाय, मग मिडियम, मग लो, मग लाल. म्हणजे प्रत्येक वेळी पहिला झोत फुल्ल, थेट त्यांच्या तोंडावर. गाईडने काही न बोलता माझ्या कपाळावर पंजाच ठेवला, मग हळूच म्हणाला, भैया, सो रहे हैं.

लाजच वाटली, कारण मला हे माहीत होतं. थंडीत किडे कमी, म्हणून वाघळं अंग गार करून पडून राहतात, मध्येच उठवलं की पुढच्या दिवसांसाठी साठवलेली चरबी जळते. बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू, त्यामुळे वसाहत एकदा विस्कटली की भरायला वर्षं जातात. आणि आत ऊन नाही, झाडं नाहीत, खाली त्यांच्या विष्ठेचा ढीग असतो त्यावरच बुरशी, किडे, झुरळं जगतात, म्हणजे वाघळं गेली की खालच्यांचं रेशन बंद. मावस्माईच्या गुहेत टुरिस्टांसाठी कायमचे बल्ब लावलेत, अशा बल्बांभोवती दगडावर हिरवं शेवाळ धरतं, जे अंधारात कधी उगवलंच नसतं.

माझ्या लॅम्पपेक्षा सुरुंग मोठा, मान्य. डिचोलीचा माणूस आहे, खाणीचे ट्रक बघतच मोठा झालोय. जयंतिया हिल्समध्ये सिमेंटसाठी चुनखडीच फोडतात, म्हणजे गुहाच जाते, आणि कोळशाच्या खाणींचं आंबट पाणी नद्यांत उतरतं. त्याच भागातल्या उम लाडॉ गुहेत 2019 ला जवळजवळ 40 सेंटीमीटरचे मासे दिसले, गुहेत राहणाऱ्या माशांत जगात सगळ्यात मोठे! आपल्या जवळचं सांगायचं तर खानापूरकडे तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा, रॉटनचं वटवाघूळ कितीतरी वर्षं जगात फक्त तिथलंच माहीत होतं, नंतर मेघालयात पण मिळालं. भीमगड अभयारण्य आहे ते, लॅम्प घेऊन घुसायला जाऊ नका प्लीज.

पट्टा सुटा होतो, धुता येतो, याचा एक स्टार जास्त. एका गुहेतली बुरशी बूट-पट्ट्यावरून दुसरीत जाऊ शकते, अमेरिकेत 2006 पासून अशाच एका बुरशीमुळे होणाऱ्या पांढऱ्या नाकाच्या रोगाने लाखो वाघळं मेलीत. पण इलॅस्टिक तीन धुण्यांत सैल झालंय.

बटणाचं दुकानदाराला सांगितलं तर म्हणतो, लाल लाइट कोण वापरतो हो. शेवटी चवथीच्या डेकोरेशनमधला लाल जिलेटिन पेपर दोन घड्या करून रबरबँडने काचेवर बसवलाय. आता हाय दाबलं तरी लालच.